पाड्यातून घरात : कोलकात्याचा निराश्रित कुत्रा आणि त्याचे नवे घर

महाभारताच्या आरंभी आणि शेवटाजवळ अशा दोन्ही ठिकाणी कुत्रा आहे, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. आदिपर्वातील पौष्यपर्वात जनमेजयाच्या सत्रमंडपात सरमेचा पुत्र येतो. तो हविर्द्रव्याला तोंड लावत नाही, त्याकडे पाहतही नाही. तरीही राजाचे भाऊ त्याला मारून हाकलून लावतात आणि तो रडत रडत आईकडे जातो. सतराव्या पर्वात, हिमालयाच्या वाटेवर, मागे येणाऱ्या कुत्र्याला सोडून स्वर्गात येण्याचे युधिष्ठिर नाकारतो. भारतीय कुत्र्याचे आयुष्य बहुधा या दोन प्रसंगांच्या मधल्या अंतरात जाते. एक जण विनाकारण काठी उगारतो; दुसरा त्याच्यासाठी स्वर्गही सोडायला निघतो.

कोलकात्यात ही दोन्ही माणसे एकाच गल्लीत राहतात. वस्तीला बंगाली भाषेत 'पाडा' म्हणतात. मराठीतील आळी किंवा मोहल्ला या शब्दांच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. प्रत्येक पाड्याला आपला चहावाला असतो, आपला क्लब असतो, आपली दुर्गापूजा असते, आणि आपले कुत्रेही असतात. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीला लागून जो अरुंद ओटा असतो त्याला 'रोवाक' किंवा 'रॉक' म्हणतात. संध्याकाळी त्यावर गप्पांचा फड जमतो आणि रात्री माणसे घरात गेली की तीच जागा कुत्र्यांची होते. या कुत्र्याला बंगालीत 'नेडी कुकुर' असे काहीशा उपेक्षेने म्हटले जाते. परंतु तो बेवारस असतोच असे नाही. सकाळी बिस्किटे कोण देतो, मासळीबाजारातील कोणता विक्रेता डोकी आणि कल्ले फेकतो, कोणत्या दारावरून जाताना पाणी अंगावर पडते, हे सारे त्याला पाठ असते. त्याला हद्द असते, सोबती असतात. नसते ते एवढेच की त्याच्या जिवाची हमी घेणारे एखादे नाव.

ही हमी किती अपुरी असते हे आकड्यांत मांडले गेले आहे. नदिया जिल्ह्यातील मोहनपूर येथे कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा परिसर आहे. तेथे डॉ. अनिंदिता भद्र यांच्या मार्गदर्शनाखाली मोकळ्या कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास अनेक वर्षे चालू आहे. या गटाने २०१० ते २०१५ या काळात ९५ वेतांतील ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले. त्यांपैकी प्रजननाच्या वयापर्यंत पोचली ती केवळ १९ टक्के. जी मेली त्यांच्यापैकी ६३ टक्के पिल्लांच्या मृत्यूत माणसाचा या ना त्या प्रकारे हात होता : वाहनाखाली चिरडणे, मारणे, विष, किंवा आईपासून उचलून नेणे. यातील शेवटचा प्रकार विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण तो पुष्कळदा प्रेमाने घडतो. पिल्लू गोजिरवाणे दिसले म्हणून मूल ते घरी आणते. आठ दिवसांनी घरचे लोक ते दुसऱ्याच गल्लीत सोडून देतात. आणि दूध न सुटलेले ते पिल्लू तेथे जगत नाही. कुत्र्याला घरात आणण्याच्या विषयाचा आरंभ म्हणूनच या प्रश्नापासून करावा लागतो, की कोणत्या कुत्र्याला आणावे.

कोणाला आणावे, कोणाला आणू नये

प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध करणारी आशियातील पहिली संस्था कोलकात्यातच १८६१ साली स्थापन झाली. कोल्सवर्दी ग्रँट हा चित्रकार तिचा संस्थापक. त्याचे स्मारक आजही रायटर्स बिल्डिंगसमोर उभे आहे. त्या काळी संस्थेपुढचा मुख्य प्रश्न ओझ्याच्या बैलांचा आणि घोड्यांचा होता. रस्त्यावरचा कुत्रा हा दयेचा नव्हे तर बंदोबस्ताचा विषय समजला जाई. वसाहतकालीन शहरांत उन्हाळ्यात कुत्री मारण्याची मोहीमच निघत असे. मुंबईत १८३२ साली अशाच मोहिमेवरून पारशी समाजाने केलेला उठाव मराठी वाचकाला ठाऊक असेल. कुत्री मारून त्यांची संख्या टिकाऊपणे कमी होत नाही, हे समजायला आणि ते कायद्यात उतरायला पुढे दीड शतकाहून अधिक काळ लागला. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये २००१ साली आणि पुन्हा २०२३ साली जे नियम झाले, त्यांनुसार कुत्र्याला पकडून त्याचे निर्बीजीकरण करावे, त्याला रेबीजची लस टोचावी आणि जेथून उचलले तेथेच परत सोडावे, असे ठरले. कानाचा एक तुकडा कापलेला कुत्रा दिसला तर त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतील कुत्र्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व सामान्यतः कायम ठेवले. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्र्यांना तेथे पुन्हा सोडू नये, असा आदेश दिला. ऑगस्टच्या आदेशात आणखी एक कलम होते : इच्छुकांनी पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घ्यावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची राहील.

या साऱ्याचा घर शोधणाऱ्या कुत्र्याशी संबंध असा. आपल्या पाड्यात धडधाकट असलेला, चार घरांतून खाणारा, निर्बीजीकरण झालेला पाच वर्षांचा कुत्रा हा 'वाचवावा' असा प्राणी बहुधा नसतो. त्याला तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत कोंडणे म्हणजे त्याच्या दृष्टीने कैद. त्याची लस वेळेवर टोचली जाते ना, उन्हाळ्यात पाण्याचे भांडे भरलेले असते ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ. घराची खरी गरज वेगळ्यांना असते. ट्रामच्या रुळांत किंवा बसखाली पाय गेलेला, आंधळा झालेला, इतर कुत्र्यांनी हद्दीबाहेर काढलेला, आई मेलेले पिल्लू, आणि ज्याला माणसांनीच विकत घेऊन मग टाकून दिले असा उंची जातीचा कुत्रा, हे ते गरजवंत. या शेवटच्याची स्थिती सर्वांत केविलवाणी असते. त्याला रस्त्यावर जगण्याची विद्याच येत नाही. उपचारगृहांत आणि आश्रयगृहांत जे मागे राहतात ते हेच. शहराच्या दक्षिण-पूर्वेस मुकुंदपूर येथे उभारलेल्या 'आशारी'सारख्या आश्रयस्थानांत अशी कुत्री महिनोन् महिने असतात.

येथे चूक झाली तर तिची किंमत कोण मोजतो, हे आधीच स्पष्ट असावे. घरात महिनाभर राहून परत सोडलेला कुत्रा आपल्या जुन्या जागी आपोआप परत रुजत नाही. त्याची हद्द दुसऱ्यांनी घेतलेली असते, त्याच्या अंगाला घराचा वास असतो, आणि भीती वाटणेही तो काहीसा विसरलेला असतो. नव्या गल्लीत सोडला तर तेथील टोळी त्याला फाडते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. पण कुत्र्याला त्या कलमाचा उपयोग फार थोडा. तेव्हा पुढील दहा-बारा वर्षांचा विचार करून, घरातील सर्वांची, विशेषतः प्रत्यक्ष ज्यांच्या अंगावर काम पडणार त्यांची, संमती घेऊनच त्याला आणावे.

कुत्र्याच्या डोळ्यांनी सदनिका

माणसाला घर म्हणजे सुरक्षितता वाटते. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला प्रथम ते तसे वाटण्याचे काही कारण नाही. रस्त्यावर त्याचे संरक्षण एकाच गोष्टीत असते : पळून जाण्याची वाट. धोका दिसला की तो दहा पावले मागे सरतो आणि तेथून पाहतो. घरात ती दहा पावले नसतात. मागे भिंत असते. जी कुत्री बाहेर अगदी सौम्य असतात ती घरात पहिल्या दिवशी का गुरगुरतात, याचा उलगडा बहुतेक वेळा एवढाच असतो.

शिवाय जवळपास प्रत्येक वस्तू त्याला नवी असते. फिरता पंखा त्याने कधी डोक्यावर पाहिलेला नसतो. लाल सिमेंटच्या गुळगुळीत जमिनीवर त्याचे पाय घसरतात. जिना चढणे एक वेळ जमते, उतरणे जमत नाही. आणि उद्वाहनाची हलणारी खोली तर बुद्धीच्या पलीकडची. आरशातला कुत्रा, कुकरची शिट्टी, दाराची घंटा, संध्याकाळी दिवेलागणीला फुंकला जाणारा शंख हे सारे एकामागून एक अंगावर येते. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पिल्लाच्या तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ समाजसंस्काराच्या दृष्टीने निर्णायक असल्याचे दाखविले आहे. या काळात जे दिसते, ऐकू येते, हुंगले जाते ते 'जगात असायचेच' अशा वर्गात जमा होते; नंतर भेटलेले बराच काळ संशयास्पद राहते. पाड्यातील पिल्लाच्या संग्रहात माणसे, सायकली, रिक्षा, गर्दी हे सारे भरपूर असते. पंखा आणि बंद दार तेवढे नसते.

माणसांविषयीची ही शिदोरी मात्र फार मोलाची आहे, आणि येथे पुन्हा बंगालमधील संशोधन उपयोगी पडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अनोळखी माणसाने रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला व काहींना वारंवार कुरवाळले. ज्यांना कुरवाळले गेले त्यांचा त्या माणसावरील विश्वास अधिक वाढलेला आढळला. २०२० च्या दुसऱ्या अभ्यासात निरनिराळ्या शहरांतील १६० कुत्र्यांपुढे दोन वाडगी ठेवून माणसाने एकाकडे बोट दाखविले. सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. ती घाबरलेली दिसत होती. परंतु जी आली त्यांच्यापैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोटाचा अर्थ बरोबर ओळखला. त्यांना हे कोणी शिकविले नव्हते. या प्रयोगातील दोन्ही निम्म्यांकडे नीट पाहण्याजोगे आहे. नव्या मालकाच्या घरी जो कुत्रा येतो तो समजूतदार असतोच. प्रश्न असतो तो भीतीच्या पलीकडे येऊन ती समज वापरण्याइतपत धीर त्याच्यापाशी आहे की नाही, हा.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण मराठीत आहे आणि रस्त्यावरचा कुत्रा सुधारत नाही, अशा अर्थाने ती सहज वापरली जाते. पश्चिम बंगाल पोलिसांच्या श्वानपथकाने रस्त्यावरच्या 'आशा' नावाच्या एका कुत्रीला शिकवून परदेशी जातींच्या कुत्र्यांच्या बरोबरीने उभे केले आहे. शेपूट वाकडे राहिले असेल; त्याने बिघडले काहीच नाही.

पहिले तीन दिवस

कुत्रा घरी येण्याचा दिवस शक्यतो शांत निवडावा. लग्नकार्य, पाहुणे, रंगकाम किंवा पूजेचे दिवस टाळावेत. येण्यापूर्वीच त्याची जागा ठरलेली असावी : वर्दळीच्या वाटेपासून बाजूला, दोन बाजूंनी भिंत असलेला कोपरा, पलंगाखालची किंवा टेबलाखालची जागा. तेथे गोणपाट किंवा जुनी चादर पसरावी. आश्रयगृहात तो ज्या फडक्यावर झोपत असे ते मागून आणता आले तर फारच उत्तम. घाणेरडे दिसले तरी ते धुऊ नये. त्या साऱ्या घरात त्याच्या ओळखीची वस्तू तेवढी एकच असते.

दारातून आत आल्यावर त्याला पट्ट्यासह एकेक खोली हुंगू द्यावी आणि मग सोडून द्यावे. पुष्कळ घरांत पहिली चूक येथेच होते. शेजारी बघायला येतात, मुले गराडा घालतात, कोणी डोक्यावरून हात फिरवते, आणि अंगाला वास येतो म्हणून लगोलग आंघोळ घातली जाते. यांतील एकही गोष्ट पहिल्या दिवशी करू नये. आंघोळ तर आठवडाभर थांबू शकते. त्याच्याकडे रोखून पाहू नये. कुत्र्यांच्या भाषेत ते आव्हान असते. त्याच्या शेजारी काही अंतरावर, तिरके बसून, वर्तमानपत्र वाचावे. तो आपण होऊन येईल तेव्हा हाताची पाठ हुंगू द्यावी, आणि कुरवाळायचे ते डोक्यावरून नव्हे तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला.

तो पहिले एक-दोन दिवस काहीच खात नाही, किंवा मध्यरात्री सर्व झोपल्यावर खातो, यात घाबरण्यासारखे फारसे नसते. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या व १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आश्रयगृहात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक पहिले तीन दिवस घरच्या कुत्र्यांपेक्षा बरेच चढलेले आढळले, आणि मग ते हळूहळू उतरू लागले. कुत्रे पाळणाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा प्रचलित आहे : भांबावणे ओसरण्यास तीन दिवस, दिनक्रम उमगण्यास तीन आठवडे, आणि घर आपले वाटण्यास तीन महिने. ठोकताळा म्हणून तो बरा. पंचांग म्हणून पाहू नये. उलट दिशेचेही एक निरीक्षण आहे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले की, आश्रयगृहातील प्रौढ कुत्र्याशी एखाद्या माणसाने केवळ तीनदा, दहा-दहा मिनिटे प्रेमाने वेळ घालविला तरी त्या माणसाविषयी त्याच्या ठायी आसक्तीची चिन्हे दिसू लागतात. म्हणजे माणूस लवकर आपला होतो. घराला वेळ लागतो. एखादा कुत्रा मालकिणीच्या पायाशी निश्चिंत झोपतो आणि पंखा लावताच पळतो, यात विसंगती नाही.

गुरगुरण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक दत्तक कुत्री परत जातात ती याच कारणाने. कुत्रा अचानक चावत नाही. आधी तो तोंड फिरवितो, ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, अंग ताठ होते, आणि मग गुरगुर ऐकू येते. गुरगुर म्हणजे 'थांबा' हा शब्द. तो उच्चारल्याबद्दल ज्याला मार बसतो तो कुत्रा शब्द सोडून देतो आणि पुढच्या वेळी सरळ दात लावतो. मग लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला. ताटलीवर गुरगुरणाऱ्याची ताटली ओढून घेऊन 'मालक कोण' हे त्याला शिकविण्याची जुनी रीत तर विशेष घातक आहे. ज्याने उकिरड्यावर भांडून घास मिळविला त्याला अन्न हिरावले जाते हे आधीच माहीत असते. त्याला उलटे शिकवायचे असते : माणूस ताटलीजवळ आला की त्यात काहीतरी अधिक पडते. लांबून मांसाचा तुकडा टाकीत टाकीत रोज थोडे जवळ गेले की दोन-तीन आठवड्यांत बहुधा फरक पडतो. लहान मुलांना मात्र कुत्रा खात असताना किंवा झोपलेला असताना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. हा नियम तात्पुरता नाही, कायमचा आहे.

अन्न, आजार, लस

नामदेव महाराज पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा मराठी घरांत लहानपणीच ऐकलेली असते. कथेचा अर्थ वेगळा आहे आणि तो मोठा आहे. परंतु उपाशी कुत्र्याच्या आतड्याला एकदम तूप सोसत नाही. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, तीही हाडे काढून, थोडी थोडी, दिवसातून तीन-चार वेळा, असा आरंभ करावा. बंगाली घरात मासा असणारच. तो चालेल, पण काटे काढून. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याला विषासमान आहेत. पायेश म्हणजे बंगाली खीर तिच्यातील बेदाण्यांमुळे वर्ज्य, हे घरातील आजीला आधीच समजावून सांगावे. कुत्र्याला चोरून खाऊ घालणारी व्यक्ती बहुधा तीच असते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच पशुवैद्याकडे जावे. शहरात बेलगाछिया येथे १८९३ साली स्थापन झालेल्या बंगाल पशुवैद्यक महाविद्यालयाची परंपरा आहे. आज तेथे राज्याचे पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे. जंत, गोचिड, पिसवा आणि खरूज हे तर ठरलेले सोबती. गोचिडांमुळे रक्तात शिरणारा ताप दमट हवेत वारंवार आढळतो. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर 'नव्या घराचे दुःख' म्हणून वाट पाहत बसू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांत जननेंद्रियावर एक संसर्गजन्य गाठ होते. ती दिसायला भयंकर, पण ठराविक इंजेक्शनांनी बहुधा पूर्ण बरी होते; केवळ तिच्यामुळे कुत्रा नाकारला जाऊ नये. पिल्लांच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती पार्व्हो विषाणूची. घरात दुसरे पिल्लू असल्यास नव्या पाहुण्याला दोन आठवडे वेगळे ठेवणे शहाणपणाचे.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर टोचतात आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ठराविक काळाने पुन्हा देतात. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणसाला आणि कुत्र्यालाही बहुतेक वाचवता येत नाही, म्हणून येथे सवलत नाही. नव्या कुत्र्याने घरच्या कोणाला चावा घेतला किंवा नखाने रक्त काढले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, तिला हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून लशीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी घ्याव्यात. कुत्रा आपला आहे, भरवशाचा आहे, हा विचार करीत बसू नये. महानगरपालिकेकडून कुत्र्याचा परवानाही काढावा लागतो, आणि लसीकरणाचा दाखला त्यासाठीही लागतो.

तीन आठवड्यांनंतरचे दिवस

घरात मूत्रविसर्जन करण्यावरून जितकी भांडणे होतात तितकी बहुधा दुसऱ्या कशावरून होत नाहीत. वास्तविक रस्त्यावर वाढलेला प्रौढ कुत्रा या बाबतीत पिल्लापेक्षा सोपा असतो, कारण झोपायच्या जागेपासून दूर जाण्याची सवय त्याला असतेच. अडचण इतकीच की दूर म्हणजे कोठे, हे त्याला माहीत नसते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, आणि रात्री सर्वांत शेवटी त्याला ठराविक ठिकाणी न्यावे व काम झाले की लगेच शाबासकी व खाऊ द्यावा. नाक घाणीत दाबण्याची शिक्षा त्याला एवढेच शिकविते की माणसासमोर हे करू नये. मग तो कपाटामागे करू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी तुंबते, तेव्हा बाहेर नेणे अशक्य होते. अशा घरांनी गच्चीवर एक कोपरा आधीपासून ठरवून ठेवावा. गच्चीला कठडा पुरेसा उंच असल्याची खात्री करावी. बाहेरचे कुत्रे भुंकले की नवा कुत्रा उंचीचा विचार करीत नाही.

एकटे राहण्याचा सराव पाच मिनिटांपासून करावा. ज्याने रात्रंदिवस टोळीत काढले आहेत त्याला बंद दाराआड एकटेपणा सोसत नाही. तो रडतो, दार कुरतडतो. मालकाने चप्पल घातली, किल्ली उचलली, आणि पुन्हा बसला, असे दिवसातून अनेकदा करावे, म्हणजे किल्लीच्या आवाजाचा अर्थ उरत नाही. मग क्षणभर बाहेर, मग दहा मिनिटे. त्याला साखळीने बांधून कामावर जाणे हा उपाय नव्हे. दीर्घकाळ बांधून ठेवणे कायद्यानेही क्रूरतेत मोडते.

फिरायला नेण्याचा प्रश्न कोलकात्यात खास बिकट आहे. घरच्या कुत्र्याला ज्या गल्लीतून जायचे ती दुसऱ्या कुत्र्यांची असते आणि ते त्याला परका समजतात. येथे पाड्याचा उपयोग होतो. मालकाने काही दिवस आधी एकट्यानेच जाऊन त्या कुत्र्यांशी ओळख करावी, त्यांना खायला कोण घालते हे विचारून घ्यावे, आणि मग शक्य तर त्याच व्यक्तीला सोबत घेऊन, पहाटे वर्दळ नसताना, नव्या कुत्र्याला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने न्यावे. पट्टा ढिला असावा. तो ताणला की भीती त्यातून कुत्र्याला पोचते. गळपट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा बरा, कारण घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून गळपट्ट्यातून सहज निसटतो, आणि हरवलेल्या दत्तक कुत्र्यांपैकी बरेचसे पहिल्या काही आठवड्यांत असेच हरवतात.

शेजाऱ्यांचे काय? गृहसंस्थांना कुत्रे पाळण्यास सरसकट बंदी करता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली परिपत्रकाद्वारे स्पष्ट केले आहे. तरीही परिपत्रक दाखवून शेजार मिळत नाही. जिन्यात पट्टा आखूड धरणे, घाण उचलणे, कुत्र्याला घाबरणाऱ्याच्या भीतीची थट्टा न करणे यांचा उपयोग अधिक होतो. ज्या शहरात २०१९ च्या जानेवारीत एका शासकीय रुग्णालयाच्या आवारात १६ पिल्ले मारलेली सापडली आणि त्यावरून मोठा क्षोभ उसळला, त्या शहरात कुत्र्यांविषयीचे प्रेम आणि राग दोन्ही किती तीव्र आहेत हे निराळे सांगायला नको.

कालीपूजेची रात्र

सप्टेंबर-ऑक्टोबरमधील ढाकाचा दणदणाट कुत्रा बहुधा सोसतो. पाड्यात वाढलेल्याला तो आवाज परिचित असतो. फटाक्यांचे तसे नाही. ते अनियमित असतात, आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही त्याची सवयही होत नाही. पश्चिम बंगालमध्ये फटाक्यांच्या आवाजाची मर्यादा दीर्घकाळ ९० डेसिबल होती. २०२३ साली ती १२५ करण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली होती, परंतु कोलकात्यात राहणारा कोणीही माणूस त्या रात्री १० वाजता शांततेची अपेक्षा करीत नाही.

१९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राड शहरात महापूर आला. पाव्हलव्ह यांच्या प्रयोगशाळेतील कुत्री पिंजऱ्यांत पाण्यात अडकली आणि शेवटच्या क्षणी बाहेर काढली गेली. ती शरीराने वाचली. पण काहींनी शिकलेले सारे विसरून टाकले, आणि पुढे बऱ्याच दिवसांनी ते परत आल्यावरही दाराखालून थोडे पाणी आत सोडताच ती पुन्हा हादरली. मोठ्या भयाची स्मृती अशी असते. दत्तक कुत्र्याच्या पूर्वायुष्यात असा एखादा पूर येऊन गेला आहे की नाही, हे नव्या घराला कळायला मार्ग नसतो. कोणी त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधली असेल, किंवा नसेलही.

म्हणून तयारी आधी करावी. त्या दिवशी त्याला दुपारीच दूरवर फिरवून आणावे, सायंकाळच्या आत खायला घालावे आणि अंधार पडल्यावर बाहेर नेऊ नये. सर्वांत आतली खोली, बहुधा न्हाणीघराशेजारची, बंद खिडक्या, जाड पडदे, चालू पंखा आणि रेडिओ अशी योजना असावी. दाराला कडी लावलेली आहे ना, हे दोनदा पाहावे. तो मोरीत जाऊन बसला तर तेथून ओढून काढू नये. जवळ घेतल्याने भीती वाढते असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही, तो अंगाला टेकला तर खुशाल टेकू द्यावा. भीती फारच तीव्र असेल तर पशुवैद्याकडून औषध मिळते, मात्र ते आधी विचारून ठेवावे लागते. माणसांच्या झोपेची गोळी त्याला मुळीच देऊ नये.

पहिल्या वर्षी बहुतेक कुत्री ती रात्र थरथरत काढतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खात नाहीत. पुढच्या वर्षी तोच कुत्रा मोरीऐवजी मालकाच्या पलंगाखाली जाऊन बसला, तर ती प्रगती पुष्कळ समजावी. काही कुत्री तिसऱ्या वर्षीही मोरीतच बसतात. त्यांच्यासाठी तेथे आधीच गोणपाट टाकून ठेवावे.